वरातीच्या डेगेचा भोपळा

चहा गॅसवर ठेवला की माणिकप्पा मागच्या अंगणात जाऊन वेल बघून यायचा. चहा उतू जायच्या आत परत यायचा, कप भरायचा आणि कप हातात घेऊन पुन्हा मागं जायचा. अर्धा चहा आळ्याच्या कडेला विसरायचा. अंघोळ झाली, लिंगपूजा झाली की तिसरी फेरी. नऊ वाजेपर्यंत पाच-सहा फेऱ्या सहज व्हायच्या आणि दर फेरीला तेच दिसायचं. मांडवभर हिरवीगार पानं आणि त्या पानांत मुरगळून गेलेली पांढरी फुलं.

वेल दुधी भोपळ्याचा होता. बी नीलम्मानं लावलं होतं, संक्रांतीच्या आठ दिवस आधी. संक्रांतीनंतर चौथ्या दिवशी ती गेली. सकाळी भाकरी थापताना छातीत कळ आली, रिक्षा दारात येईपर्यंत सगळं संपलं होतं. बी उगवून दोन पानं वर आली तेव्हा घरात माणसं भेटायला येत होती आणि माणिकप्पा भिंतीला पाठ लावून बसला होता. पाहुणे पांगले. मुलगा रेवणसिद्ध नांदेडच्या रेल्वे ऑफिसात कारकून होता, तो बापाला नांदेडला घेऊन गेला. तिथं माणिकप्पा आठ दिवस राहिला. सून चांगली होती, जेवण वेळेवर होतं, पण त्याला एका जागी बसवेना. रोज चार वेळा फाटकापर्यंत जायचा आणि परत यायचा. नवव्या दिवशी तो म्हणाला, "लातूरला जातो. वेलाला पाणी कोण घालंल?"

"कुठला वेल, अप्पा?" रेवणसिद्धनं विचारलं.

"तुझ्या आईनं लावलेला. भोपळे द्यायचेत. शब्द हाय."

तो शब्द असा होता. माणिकप्पाच्या घराला लागून खाजामियाँचं घर. खाजामियाँ गाद्या भरणारा. लातूरला अकरावी-बारावीच्या क्लासांसाठी बाहेरगावची पोरं लोटायला लागली, गल्लीत घरोघरी खोल्या चढल्या, आणि दर जून महिन्यात खाजामियाँला कापूस पिंजायला दिवस पुरेना. त्याची नात नाजिया. तिची मंगनी ईदनंतर झाली, मुलगा देगलूरचा. मंगनीच्या दिवशी सगळ्यांसमोर नीलम्मानं खाजामियाँच्या बायकोला, हुसेनबीला बजावलं होतं, "भाभी, वरात जेवंल त्या डेगेतल्या दालच्याला भोपळा माझ्या वेलाचा. बारा भोपळे देते. बाजारातून आणलात तर मी जेवायला यायची न्हाई."

दालचा म्हणजे डाळीत मटण आणि दुधी घालून डेगेत, लग्नाच्या मोठ्या हंड्यात, शिजवलेली आमटी. तिकडच्या मुसलमानांच्या लग्नात बगारा भाताबरोबर ती लागतेच. माणिकप्पाच्या घरात मांस शिजत नव्हतं, पण दालच्यात भोपळा नसला तर लग्न लग्न वाटत नाही, एवढं गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. हुसेनबी हसून म्हणाली होती, "बारा? लिहून देती का?" आणि नीलम्मा म्हणाली होती, "माझं बोलणं लिहिलेलंच समज."

लग्न मे महिन्याच्या नऊ तारखेला होतं. एप्रिलचा पहिला आठवडा संपला तरी वेलावर एक भोपळा नव्हता.

माणिकप्पानं सव्वीस वर्षं नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्ह उघडायचं आणि बंद करायचं काम केलं होतं. कोणत्या गल्लीला किती मिनिटं पाणी, हे त्याच्या हातात असायचं. लोक चहा पाजायचे, शिव्याही द्यायचे. पण त्यानं स्वतःच्या गल्लीला कधी एक मिनिट जास्त दिलं नव्हतं. नीलम्मा भाजीला धुण्या-भांड्यांचं पाणी घालायची. मांडवाखाली वांगी असायची, कडेला मिरच्या, एका डब्यात पुदिना. आता वांगी वाळून गेली होती, मिरच्यांची पानं आकसली होती. माणिकप्पानं त्यांच्याकडं बघायचं सोडून दिलं होतं. त्याला भोपळा पाहिजे होता.

सुकलेली फुलं बघून त्याच्या मनानं एकच घेतलं, वेल तहानला आहे. नळाला पाणी आठ दिवसांनी यायचं, तेवढ्यावर भागणार नव्हतं. म्हणून तो रोज संध्याकाळी पाच वाजता सायकलला दोन कॅन बांधायचा आणि पाण्याच्या टाकीवर जायचा. टाकीच्या पाइपाला एक गळती होती. माणिकप्पाच्या जागी आता दगडोबा नावाचा माणूस होता, चाळिशीचा, तोंडानं तिखट.

"आले का अप्पा," दगडोबा म्हणायचा. "नोकरीत असताना थेंब नेला न्हाई, आता कॅनावर कॅन. तेव्हाच न्यायचं ना, तुमच्या हातात होतं तोवर."

"गळतीचं पाणी हाय. गटारात जाऊन राहिलं."

"हाव, गटारातच जातंय. तुमचा वेल म्हणजे तरी काय? एवढं पाणी पिऊन एक भोपळा न्हाई. युरिया टाका मूठभर."

त्यानं युरियाही टाकला. पानं थाळीएवढी झाली. मांडव खाली वाकला. पण फुलांच्या मागची बोटाएवढी बारकी फळं दोन दिवसांत पिवळी पडायची आणि तिसऱ्या दिवशी देठातून सुटून खाली यायची. सकाळी तो ती गोळा करायचा. हातात मूठभर पिवळी फळं घेऊन उभा राहायचा, टाकवत नसायची. मग भिंतीच्या कडेला पुरायचा, माती सारखी करायचा आणि आणखी एक कॅन आळ्यात रिकामा करायचा.

टाकीवरून तो लगेच परत येत नसे. गळतीखाली कॅन भरायला वेळ लागायचा, आणि भरल्यावरही तो बसून राहायचा. खरं तर पाच वाजून गेले की घर त्याला अंगावर यायचं. समोरच्या खोल्यांतल्या पोरी क्लासहून परत यायच्या, जिन्यावर चपलांचा आवाज, कुणी गणिताचं काही मोठ्यानं म्हणत राहायची, कुठं तरी फोडणीचा वास. आपल्या घरात मात्र काहीच व्हायचं नाही. म्हणून तो टाकीवर बसायचा, तिथून उठला की कॅन तिथंच ठेवून जुन्या व्हॉल्व्हच्या चेंबरांवरून सायकलनं एक चक्कर मारायचा, काम नसताना. अंधार पडल्यावर कॅन घेऊन घरी यायचा, ते पुढच्या पायरीवर उतरवायचा, सकाळचं उरलेलं खायचा आणि आडवा व्हायचा. झोप लागायची नाही, पण मागं जायचा नाही.

एप्रिलच्या पंधरा तारखेला दुपारी तीनच्या सुमारास हुसेनबीनं भिंतीपलीकडून हाक मारली. दोन्ही अंगणांच्या मध्ये कमरेएवढी भिंत होती. हुसेनबी तिच्या बाजूला खुर्ची टाकून बसली होती, हातात अडकित्ता. गुडघे गेले होते, एका डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता.

"माणिकभाई, एक बात बोलायची होती. रागावू नका."

"बोला भाभी."

"काल बावर्ची आला होता. भोपळे बाजारातून घ्यायला सांगितलं मी. गंजगोलाईच्या बाजारातला एक भाजीवाला देतो म्हणाला."

माणिकप्पानं हातातला तांब्या खाली ठेवला. पुन्हा उचलला. "का? माझा वेल मेला का?"

"मेला कशाला. पण फळ कुठंय? नुसता पाला. नाजियाच्या शादीत वरातीला पाला वाढू का?"

"अजून तीन आठवडे हायेत."

"तीन आठवडे मला पण मोजता येतात. तुम्ही उगीच जिवाला लावून घेऊ नका. नीलू बोलली होती, ती गेली. बोलणारं माणूस गेल्यावर कोण विचारतंय?"

"मी विचारतो," माणिकप्पा म्हणाला. आवाज चढला होता. "तुम्ही बाजारातून आणा न्हाईतर हैदराबादहून आणा. वरातीच्या डेगेला बारा माझे. काय कमी करून राहिलो मी? रोज दोन कॅन पाणी घालतो. युरिया घातला. गरमी लई हाय म्हणून फुलं सुकतात, त्याला मी काय करू?"

"फुलं सुकणारच सकाळी. रातभर जागलेली असतात ती."

"म्हणजे?"

हुसेनबीनं अडकित्ता थांबवला. चांगल्या डोळ्यानं त्याच्याकडं नीट बघितलं. "शामला, दिवेलागणीला, मिळवता की न्हाई?"

"काय मिळवायचं?"

"फूल. फुलाला फूल लावता का न्हाई तुम्ही?"

माणिकप्पानं वेलाकडं बघितलं. त्याला प्रश्नच कळला नव्हता.

"या अल्ला," हुसेनबी म्हणाली. "तुम्हाला ठाऊकच न्हाई?"

मग तिनं सांगितलं. भोपळ्याचं फूल दिवस कलल्यावर उमलतं. गावात एवढी घरं, एवढा धूर, वर दुष्काळ. फुलावर येणारं पाखरू येईनासं झालेलं. म्हणून नीलम्मा रोज शामला स्टुलावर चढायची. ज्या फुलाच्या मागं फळ नसतं ते नर फूल तोडायची, त्याच्या पाकळ्या मागं वळवायची, आणि ज्या फुलाच्या मागं बारकं फळ असतं त्याच्या तोंडात ते हळू फिरवायची. एका नरात दोन-तीन माद्या. तेवढं केलं की फळ धरतं. नाही केलं की पिवळं पडून गळतं. पाण्यानं काही होत नाही, पाण्यानं पालाच वाढतो.

"भूकंपाच्या साली आपण सगळे इथं पत्र्याखाली झोपत होतो, आठवतं? पत्रा तापतो म्हणून तिनं वर वेल सोडला. तेव्हापासून दहा उन्हाळे ती हे करत आली. मी इथं बसायची, ती स्टुलावर. अर्धा तास आमच्या गप्पा."

"मला कधी बोलली न्हाई."

"तुम्ही शामला घरी कधी होता?"

ती सहज बोलली होती. माणिकप्पा मात्र तांब्या घेऊन तिथंच उभा राहिला. नोकरी होती तोवर संध्याकाळची पाळी. निवृत्त झाल्यावर दोन वर्षं पाच वाजले की टाकीवर, दगडोबाला शिकवायला म्हणून. नीलम्मा एकदा म्हणाली होती, आता तरी शामचं घरी बसा. तेव्हा त्यानं विचारलं होतं, बसून काय करू? आणि आता महिना-दीड महिना तो वेलासाठी पाणी आणायला जात होता, ते नेमकं त्याच वेळी. तो सायकलवर बसला की मागं फुलं उमलत होती.

"मग एवढे दिवस तुम्ही का न्हाई सांगितलं?" तो म्हणाला.

"मला वाटलं, तुमचं मन होत नसंल. नीलूचं काम आपल्या हातानं करायचं, होतं का सगळ्यांना? आणि मी येऊ कशी? ती होती तोवर हे माझंच आंगन होतं. आता अकेल्या मरदाच्या आंगनात कशी येऊ मी? लोकांच्या आधी मलाच लाज वाटते."

त्या दिवशी पाच वाजता सायकल बाहेर निघाली नाही. कॅन दारात तसेच राहिले. माणिकप्पानं स्टूल मांडवाखाली आणून ठेवलं, उचलून दुसरीकडं ठेवलं, पुन्हा पहिल्या जागी आणलं. घरात गेला, दिवा लावला, बाहेर आला. समोरच्या जिन्यावर चपला वाजायला लागल्या. त्याला वाटलं, जावं. नुसती एक चक्कर मारून यावं. तो दारापर्यंत गेलाही. तेवढ्यात भिंतीपलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि हुसेनबी म्हणाली, "कुठं निघाले? आता उमलतील."

सव्वासहाला पहिलं फूल सुटलं. कळी पिळल्यासारखी होती, ती हळूहळू सैल झाली आणि पाकळ्या बाहेर पडल्या. मग दुसरं. अर्ध्या तासात मांडवावर पंचवीस-तीस पांढरी फुलं होती, अंधार पडायच्या आधीच्या उजेडात नीट दिसत होती. माणिकप्पानं ती कधी बघितलीच नव्हती. दहा उन्हाळे वेल इथंच फुलत होता.

"बघत काय राहिले? चढा," हुसेनबी म्हणाली.

तो चढला. पहिलंच मादी फूल त्याच्या बोटांत मोडून आलं. दुसऱ्याचं देठ चुरगळलं.

"जोर नक्को! व्हॉल्व्हची चावी न्हाई ती."

"मग कसं धरू?"

"झोपलेल्या लेकराचं बोट धरतात तसं. हां. आता नराचं तोंड तिच्या तोंडात. फिरवा. बस. पिवळा भुगा लागला का?"

"लागला."

"मग पुढची."

त्या संध्याकाळी चार फुलं लागली, तीन मोडली. दुसऱ्या दिवशी त्यानं दगडोबाला सांगून टाकीची फेरी सकाळची केली आणि दोनच्या जागी एकच कॅन आणायला लागला. दगडोबा म्हणाला, "शामला काय काम निघालं अप्पा? टीव्ही घेतला का?" माणिकप्पा म्हणाला, "शामला कामावर असतो." दगडोबाला काही कळलं नाही.

चौथ्या दिवशी बघितलं तर पहिल्या संध्याकाळच्या फळांपैकी तीन पिवळी पडली नव्हती. पिवळी पडली नव्हती एवढंच नाही, अंगठ्याहून जाड झाली होती. माणिकप्पा सकाळी सहा वाजता भिंतीशी जाऊन हाका मारायला लागला. खाजामियाँ बनियनवर बाहेर आला.

"काय झालं? कोण गेलं?"

"धरलं, खाजाभाई! तीन धरले!"

"अरे बाबा," खाजामियाँ छातीला हात लावत म्हणाला, "भोपळा हाय तो. मला वाटलं जमीन हालली."

एप्रिल संपता संपता वेलावर चौदा फळं होती. चार तर हाताएवढी लांब झाली होती. पण माणिकप्पाला चैन नव्हतं. रोज मोजायचा. सकाळी चौदा, दुपारी तेरा दिसायची, मग पानाआड एक सापडायचं. ऊन बेचाळीसच्या वर गेलं होतं. दुपारी पानं कान पाडून लोंबायची. खाजामियाँनं गादीच्या खोळीचं पट्ट्यापट्ट्यांचं कापड दिलं, उरलेले तुकडे जोडून. ते माणिकप्पानं मांडवावर पश्चिमेकडून बांधलं. हुसेनबी म्हणाली, "आता भोपळ्याला उशी पण द्या." हसता हसता तिनं डोळ्याला पदर लावला, मोतीबिंदूच्या नाही, दुसऱ्या डोळ्याला.

तीस तारखेला दुपारी चारला आभाळ काळं झालं. आधी धूळ, मग वारा, मग गारा. बोराएवढ्या होत्या, नंतर लिंबाएवढ्या. माणिकप्पा डोक्यावर घमेलं घेऊन मांडवाखाली उभा राहिला, एका हातानं खांब धरून. रेवणसिद्धनं हे ऐकलं असतं तर फोनवर ओरडला असता. खोळीचं कापड फाटून उडालं आणि समोरच्या गच्चीवर जाऊन पडलं. घमेल्यावर टणाटणा आवाज होत होता. एका बाजूचा बांबू कडकडला आणि अर्धा मांडव खाली बसला.

वीस मिनिटांत सगळं थांबलं. ऊनही पडलं. गारा मातीवर विरघळत होत्या आणि त्यांच्यात भोपळे पडले होते. काही फुटलेले, काही नुसते चिरलेले. वेलाचा मोठा फाटा देठाशी पिळवटला होता. माणिकप्पानं वाकून एक-एक उचललं. आणखी आठ दिवस मिळाले असते तर डेगेत गेली असती, अशी ती होती. वर सात राहिली होती. सातांतलं सर्वांत मोठं वीतभर.

"राहू द्या आता," खाजामियाँ भिंतीवरून म्हणाला. "आपण माणसं, वर त्याची मर्जी. बाजार हाय ना."

माणिकप्पानं हातातले भोपळे कडेला ठेवले. सुतळी शोधायला तो घरात गेला. त्याच संध्याकाळी त्यानं बांबू उभा केला, पिळवटलेल्या फाट्याला कापडाची पट्टी गुंडाळली आणि त्याच्यावर ओली माती थापली. नव्या फुलांना वेळ उरला नव्हता. फूल लावल्यापासून भोपळा कापण्याजोगा व्हायला पंधरा दिवस लागतात, लग्नाला नऊ राहिले होते. तरी तो स्टुलावर चढला आणि उमललेली चार फुलं लावली. का लावली, ते त्यालाही सांगता आलं नसतं. त्या वेळी दुसरं काही करता येत नव्हतं.

पुढचे आठ दिवस ऊन पुन्हा तसंच झालं, उलट जास्त. हुसेनबी एकदा म्हणाली, "फाटा मोडलेल्या वेलाचं फळ कधी कडू निघतं, माणिकभाई. उन्हाचा आणि दुखण्याचा कडूपणा उतरतो त्यात. कडू भोपळा पोटात गेला तर माणूस आजारी पडतं. डेगेत एक कडू पडला तर चारशे माणसांचं खाणं फेकायचं." ते ऐकल्यापासून त्याला जेवण गोड लागेना. वेलावरचं बाहेरून काही कळत नव्हतं. सातही सारखेच हिरवे, सारखेच लवदार.

आठ तारखेला सकाळी हुसेनबी भिंतीला वळसा घालून त्याच्या अंगणात आली. तीन महिने वीस दिवसांनी. एकटी आली नाही, नाजियाला बरोबर घेऊन आली. नाजियाच्या हातांवर मेंदीचा पहिला हात होता, तो सुकत होता म्हणून तिनं हात पुढं धरून ठेवले होते. तिला काही धरता येत नव्हतं.

"सलाम अप्पा," ती म्हणाली. "दादी म्हणते, चाखल्याशिवाय एक पण घ्यायचा न्हाई."

"मीच चाखतो," माणिकप्पा म्हणाला.

त्यानं सातही तोडले आणि स्टुलावर ओळीनं ठेवले. विळी आणली. हुसेनबीनं देठाकडून पहिल्याची चकती काढली, नखाएवढा तुकडा त्याच्या हातावर ठेवला.

"जिभेच्या टोकावर. गिळायचं न्हाई. कडू लागलं की थुंका, चूळ भरा."

पहिला पाणचट, गोडसर. दुसराही. तिसऱ्याला माणिकप्पाचा चेहरा वाकडा झाला, तरी तो तोंड मिटून उभा राहिला.

"थुंका!" हुसेनबी ओरडली. "लाज कसली? थुंका म्हणते ना!"

तो थुंकला. चूळ भरली. जिभेवरून कडूपणा जाईना. हुसेनबीनं तो भोपळा उचलून कोपऱ्यात फेकला. चौथा चांगला. पाचवा चांगला. सहावा कडू, तिसऱ्यापेक्षा जास्त. तोही कोपऱ्यात गेला. सातव्याची चकती तिनं हातावर ठेवली. त्यानं ती तोंडात टाकली, बराच वेळ जिभेवर ठेवली.

"काय?" नाजियानं विचारलं.

"चांगला हाय."

"नक्की?"

"थांब." त्यानं आणखी एक चकती मागितली. ती चाखली. मग मान हलवली.

पाच भोपळे. एकही मोठा, भरलेला नव्हता. हुसेनबीनं ते पदरात घेतले. मग उभी राहिली, गुडघ्यावर हात ठेवून.

"माणिकभाई, एक विचारू? उद्या तुमच्यासारख्या न खाणाऱ्या लोकांसाठी छोटं पातेलं वेगळं लावणार हाय, बिना मटणाचं. पन्नास माणसांचं. हे पाच त्याच्यात घालते. पुरतील पण बरोबर. तुमच्या हातचा भोपळा तुमच्या ताटात येईल. मोठ्या डेगेत पाच कुठं दिसायचे? दोन मण बाजारचे पडणार तिथं."

माणिकप्पानं पाचांकडं बघितलं. गेले चोवीस दिवस तो फक्त ह्यांच्यासाठी उठत होता आणि ह्यांच्यासाठी बसत होता. खाऊन बघावं असं त्याला फार वाटलं. शिजलेला. मीठ-मसाल्यातला.

"न्हाई," तो म्हणाला. "वरातीच्या डेगेत घाला."

"तुम्हाला चाखायला पण मिळायचा न्हाई."

"तिनं वरातीला बोललं होतं. मला न्हाई बोललं."

हुसेनबीनं पदरातले भोपळे सावरले. मग म्हणाली, "बारा बोलली होती. सात कमी. असती तर भांडली असती तुमच्याशी."

"हाव. लई भांडली असती."

"तीन मोडले म्हणून, सात गारात गेले म्हणून, दोन कडू म्हणून. सगळं तुमच्यावर घातलं असतं."

"माझ्यावरच होतं," माणिकप्पा म्हणाला. नाजिया दोघांकडं बघत राहिली आणि मग मेंदीचे हात तसेच पुढं धरून दादीच्या मागं निघाली.

लग्न गल्लीच्या तोंडाशी असलेल्या मैदानात होतं. वरात देगलूरहून दोन बसांतून आली, दुपारी बाराला, उन्हानं लालबुंद होऊन. माणिकप्पा सकाळी सातपासून तिथं होता. बावर्चीच्या मागं उभा होता. बावर्ची दोनदा म्हणाला, "चच्चा, सावलीत बसा की," तरी हलला नाही. मोठ्या डेगेत बाजारच्या फोडींवर हुसेनबीनं स्वतः त्याच्या पाच भोपळ्यांच्या फोडी टाकल्या. बावर्चीनं पळ्यानं एकदा ढवळलं आणि झालं. कोणत्या कुठल्या, ते कुणालाही सांगता आलं नसतं. झाकण बसलं, त्याच्या कडेला कणीक लागली.

पंगत बसली. खाजामियाँनं माणिकप्पाला हाताला धरून दगडोबाच्या शेजारी, बिनमटणाच्या ओळीत बसवलं. ताटात बगारा भात आला, वाटीत दालचा आला. त्यातला भोपळा बाजारचा होता. माणिकप्पानं हात लावला नाही. समोरच्या ओळीत वरातीची माणसं बसली होती. तो त्यांच्या तोंडांकडं बघत होता.

"जेवा ना अप्पा," दगडोबा म्हणाला, तोंडात घास. "कुणाला शोधून राहिले?"

"कुणाला न्हाई."

समोर एक जाडसर म्हातारा होता, नवऱ्या मुलाचा कुणी मामा असावा. बायफोकल चष्मा, मिशीवर घाम. त्यानं भातात दालचा कालवला. एक फोड बोटांनी दाबून बघितली. तोंडात घातली. म्हाताऱ्याचा चेहरा हालला नाही. त्यानं दुसरी फोड घेतली. मग वाढणाऱ्याकडं वाटी सरकवली.

"ए बेटा, बोटी नक्को. कद्दू डालो. कद्दू हैच ना और?"

वाढणाऱ्यानं पळी खोल घालून मटण सोडून चार फोडी काढल्या. म्हाताऱ्यानं त्या चारही खाल्ल्या, वाटी तोंडाला लावून राहिलेलं प्यायला आणि पुन्हा वाटी सरकवली.

माणिकप्पाचा भात निवून गेला होता. वाटीतला दालचाही. दगडोबानं त्याच्याकडं बघितलं आणि आपल्या ताटातलं लिंबू त्याच्या ताटाच्या कडेला ठेवलं. माणिकप्पानं ते पिळलं, भात कालवला आणि जेवायला लागला.